आठ बोटं आणि एक वीत

तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. लहानपणी जेवायला बसवलं की दुसऱ्या घासाला ती मागच्या दारात दिसायची. आईने वैतागून जे म्हटलं ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, साठी हाकेवर आली, पण बूड टेकून बसायची विद्या तिला काही साधली नाही. नवरा शिवणकाम करायचा. सकाळी मशीनपुढे बसला की दिवे लागेपर्यंत उठायचा नाही. कोणी विचारलं, "भिंगरी कुठे?" की मान वर न करता सांगायचा, "आमच्या घरात बसण्याचं खातं माझ्याकडे आहे, फिरण्याचं तिच्याकडे. तिच्या खात्यात मी लक्ष घालत नाही."

ती चुली बांधायची. निर्धूर चुली, म्हणजे ज्यांचा धूर धुराड्यातून थेट छपराबाहेर जातो, बाईच्या नाकातोंडात जात नाही. गाडीरस्ता संपला की ती पाठीवर पोतं टाकायची, पोत्यात थापी, चाळणी आणि आखूड पहार, आणि डोंगरावरच्या वस्त्यांकडे चढायला लागायची. पत्र्याची धुराडी आधीच कुणाच्या तरी खेचरावरून वर गेलेली असायची. घरात शिरल्यावर "कशा आहात" नाही की "पाणी द्या" नाही. आधी चुलीमागची भिंत बघायची, मग छपराची आतली बाजू, मग स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे. भिंत काळी आणि डोळे लाल दिसले की पोतं खाली टाकून विचारायची, "इथे चिकणमाती कुठे मिळते?" संध्याकाळपर्यंत जुनी चूल फुटलेली असायची आणि नवीचा पाया पडलेला असायचा.

हे वेड तिला आईपायी लागलं होतं. आई पन्नाशीही न गाठता गेली. शेवटची दोन वर्षं ती बसूनच झोपायची, कारण आडवी झाली की खोकला उठायचा. लोक म्हणायचे, पहिल्यापासूनच नाजूक होती बिचारी. नाजूक कसली! दोन भरल्या घागरी घेऊन चढण चढणारी बाई ती. पुढे एका संस्थेने बायकांना चुली शिकवायला एक मिस्त्री पाठवला. त्याने पहिल्याच दिवशी धुराने छातीत काय होतं ते साध्या शब्दांत सांगितलं, तेव्हा भिंगरी उठून बाहेर गेली आणि भिंतीला कपाळ टेकून रडली. परत आली ती पहिल्या रांगेत बसली, आणि त्या दिवशी म्हणे ती चक्क दोन तास जागची हलली नाही.

मिस्त्रीने प्रत्येकीला एक लोखंडी साचा दिला होता. चुलीचं तोंड किती रुंद, भांडं जाळापासून किती उंच, सगळी मापं त्या साच्यात. तोंड रुंद झालं तर गार हवा आत घुसते आणि बायका लाकडंही जास्त कोंबतात. भांडं खाली आलं तर जाळ गुदमरतो. कसंही चुकलं तरी पदरात पडतो तो धूरच. साचा चोख होता, पण वजनाला दोन वर्षांच्या पोराएवढा. वर्षभर तिने तो वाहिला. मग एका उतारावर पाय घसरला, ती एकीकडे गेली आणि साचा दुसरीकडे. चिखलात बसल्याबसल्याच तिने त्याच्यावर हात ठेवून पाहिले. दोन्ही पंजे शेजारीशेजारी ठेवले की आठ बोटांत तोंडाची रुंदी नेमकी भरत होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत म्हणजे भांड्याची उंची. केसाचाही फरक नाही. साचा तिथेच कुणाच्या तरी गोठ्यात राहिला. "हात काही कोणी घरी विसरून येत नाही," ती म्हणायची. एवढ्या सामानावर तिने चोवीस वर्षांत चारशेच्या वर चुली बांधल्या, आणि प्रत्येक चूल कुणाकडे, कधी बांधली ते तिला तोंडपाठ होतं.

तोंडाचीही ती तिखट. वर्षातून एकदा जुन्या चुली बघायला जायची, तेव्हा वस्तीवर आधीच वर्दी पोचायची. चूल धूर करते अशी कुणी तक्रार केली की तिच्याकडे तीन उत्तरं तयार असायची. लाकूड ओलं आहे. धुराडं साफ केलेलं नाही. तोंडात कोंबाकोंब करता. या तिन्हीत दोष बाईचाच, हे सांगायला नकोच. चौथं कारण असू शकतं असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं तशी गरजही पडली नव्हती.

तर अशी ही बाई गेले आठ दिवस घरात येरझाऱ्या घालत होती. मुलगी वरच्या वस्तीत दिली होती. जावई ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलीचा फोन आला होता की पोरीचा खोकला अजून जात नाही, तिसऱ्यांदा औषध बदललंय, आणि आता डॉक्टरीणबाई मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगतायत. पोर म्हणजे भिंगरीची नात, पाच वर्षांची. फोन ठेवल्यापासून भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता. ती भांडं घासायला घ्यायची आणि अर्धवट टाकून अंगणात जायची. अंगणातून परत आत. "खोकला, हिवाळ्यापासून खोकला," ती नवऱ्याच्या मशीनपाशी येऊन म्हणायची, जणू त्यानेच तो शिवून दिला होता. नवव्या दिवशी नवऱ्याने मशीन थांबवलं, तिचं पोतं स्वतः दाराशी आणून ठेवलं आणि म्हणाला, "जा बाई. तू इथे चाललीस तेवढी वाट सरळ चालली असतीस तर दोनदा तिथे जाऊन आली असतीस."

पहाटेची बस, मग तीन तासांची चढण. दुपारी मुलीच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मुलगी चुलीवर बटाटे उकडत होती आणि नात दारात बसली होती. आजीला बघून पोर उठली, धावली आणि दोन पावलांतच थांबून खोकायला लागली. तो काही सर्दीचा खोकला नव्हता. बारीक, कोरडा, संपला असं वाटावं आणि पुन्हा सुरू व्हावा असा. भिंगरीला तो खोकला ओळखीचा होता. तिची आई असंच खोकायची.

"आजी, आमची मांजर देऊन टाकली," खोकला थांबल्यावर नात म्हणाली.

"का गं?"

"तिचे केस वाईट असतात."

पण आजीचं लक्ष मांजरीत नव्हतं. तिने चुलीमागची भिंत बघितली. काळी कुळकुळीत. छपराच्या आतल्या बाजूला काजळीचे दोरे लोंबत होते. ही चूल तिने स्वतः बांधली होती, दीड वर्षापूर्वी, पोटच्या पोरीच्या घरात, जीव ओतून, आणि घरचीच म्हणून नंतर तपासायला आली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय करून ठेवलंयस?"

"आल्याआल्या सुरू करू नकोस आई. पाणी पी आधी."

"लाकूड बघू." लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. तिने बाहेर जाऊन शिडी लावली, छपरावर चढली, धुराड्याची टोपी काढून आत काठी घातली. धुराडं साफ होतं. खाली उतरली तोवर मुलीने बटाटे उतरवून जाळ विझवला होता, कारण पुढे काय होणार ते तिला माहीत होतं. भिंगरीने चूल निवेपर्यंत अंगणाच्या सात फेऱ्या मारल्या, मग आत येऊन दोन्ही पंजे शेजारीशेजारी धरून चुलीच्या तोंडात घातले. आठ बोटं. अलगद, नेमकी बसली. मग वीत ताणून उंची मोजली. बरोबर.

"चूल बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणजे तू कोंबतेस."

मुलीने बटाटे सोलायला घेतले.

"सांगते ना मी जगाला, एका वेळी तीन काटक्या! माझीच मुलगी ओंडके घालते. घरात लेकरू खोकतंय आणि हिला घाई! आईच्या हातची चूल मिळाली, कदर नाही म्हणून काय झालं, निदान पोरीचा तरी विचार करायचास." आणखीही बरंच बोलली. ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी तशी आई आहे त्यांना ते पाठ असेल. मुलीने नातीला उचललं आणि ती घराबाहेर निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तीनच काटक्या घालते मी. शेजारच्या सुईणमावशींच्या चुलीत याच लाकडाचे ओंडके जळतात, तिथे जाऊन धूर शोध."

हे आव्हानच झालं. भिंगरी तडक शेजारी गेली. शेजारची म्हातारी सुईण होती, वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिच्या घरची चूल भिंगरीनेच बांधलेली, बारा वर्षांपूर्वी. वर मोठं पातेलं रटरटत होतं, तोंडात मनगटाएवढं लाकूड होतं आणि घरात धुराचा वासही नव्हता. भिंत मातीच्या रंगाची, छप्पर गवताच्या रंगाचं. भिंगरीला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच मुलीचा आणखी राग आला.

"बघ!" मागून आलेल्या मुलीला ती म्हणाली. "अशी वापरतात चूल. हीच चूल, हीच मापं." आणि मापं दाखवायची म्हणून तिने म्हातारीला पातेलं उतरवून जाळ बाहेर ओढायला लावला, तोंडाची कड आणि तळ गार पाण्याने पुसला आणि दोन्ही पंजे शेजारीशेजारी धरून आत घातले.

पंजे आत गेले नाहीत.

तिने पुन्हा घातले. सहा बोटं आत गेली, दोन्ही करंगळ्या बाहेर. "लिंपून लिंपून तोंड बारीक केलंत मावशी," ती म्हणाली.

"मी?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या चुलीच्या तोंडाला हात लावायची छाती आहे का कुणाची इथे? बाहेरून लिंपते. आतून जशी तू केलीस तशी आहे."

भिंगरीने वीत ताणली. चुलीच्या तळापासून काठापर्यंत करंगळी पोचेना. अंगठ्याएवढं अंतर उरत होतं. तिने दुसऱ्या हाताने करंगळी ओढून पाहिली आणि हातातून कळ निघाली. मग ती उठली, आणि कुणाला काही न सांगता पलीकडच्या घरात गेली. तिथली चूल नऊ वर्षांची. तिथेही तेच. त्यापलीकडे चौदा वर्षांची. तिथेही तेच. ती परत आली तेव्हा धापा टाकत होती.

म्हातारीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. पोटावरून बाळाचं डोकं चाचपावं तशी ती एकेका बोटाचं पेर चाचपत गेली. "कधीपासून सुजलेत हे सांधे?"

"थंडीत होतात जरा. तेल लावते."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"ही बोटं मिटत नाहीत गं. दोन बोटांत बघ, मोकळी जागा राहते. आणि सरळही होत नाहीत." म्हातारीने हात सोडला. "हा तुझा पूर्वीचा हात नव्हे."

म्हणजे रुंदीला बोटं पसरली होती आणि लांबीला वीत आखडली होती. त्या हाताने बांधलेल्या चुलीचं तोंड मोठं झालं आणि भांडं खाली आलं. आणि चूल चुकली की काय ते बघायला भिंगरी पुन्हा तोच हात घालत होती, आणि तो हात दर वेळी सांगत होता, बरोबर आहे. मुलीच्या घरीही त्याने तेच सांगितलं होतं.

तिला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बोटातली अंगठी निघेना म्हणून तिने ती सोनाराकडून कापून घेतली होती. नवऱ्याला सांगितलं होतं, मातीत हरवली. रात्री कढत पाण्यात हात बुडवून बसायची तेही तो झोपल्यावर. हात दुखतात असं कळलं तर चुलीसाठी कोण बोलावणार, आणि कोणी बोलावलं नाही तर दिवसभर करायचं काय, ही भीती तिला मरणापेक्षा मोठी वाटायची. दुखणं तिने लपवलं होतं. त्या दुखण्याने मापं बदलली असतील एवढं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिने मनात मोजायला सुरुवात केली. अंगठी कापल्यानंतरच्या चुली. खालची वस्ती, ओढ्यापलीकडची, शाळेमागची, लाकूडतोड्यांची. एकेक घर डोळ्यांसमोर आलं. एकेचाळीस. त्यांतल्या एकाही घरात तिने, पोरं खोकतात का, असं विचारलेलं नव्हतं. तक्रार करणाऱ्यांना मात्र तिन्ही उत्तरं ऐकवली होती, घसा फोडून.

"हात दे," ती अचानक मुलीला म्हणाली. मुलीने दोन्ही पंजे शेजारीशेजारी धरून सुईणीच्या चुलीत घातले. आठही बोटं नेमकी बसली. वीतही तंतोतंत. मुलीला कधी तिने चुलीच्या मापाला हात लावू दिला नव्हता. "तुझं लक्ष नसतं," असं म्हणून मातीचा गारा मळायला बसवायची.

त्याच दुपारी भिंगरीने मुलीची चूल फोडली. पहार तिला धड धरता येत नव्हती, तरी कुणाला देईना. फुटलेल्या चुलीची माती बाहेर टाकली, नवी माती चाळली, भुसा मिसळला, आणि पाया घालून झाल्यावर थापी मुलीच्या हातात देऊन बाजूला झाली. मुलीने ओल्या मातीत दोन्ही पंजे उभे केले आणि भिंगरीने बाहेरून माती दाबत आणली.  नात अंगणात तीन दगडांवर मांडलेल्या पातेल्याकडे लक्ष ठेवून होती, कारण नवी चूल वाळायला आठ दिवस तरी लागणार होते.

"मला सांगायचं नाहीस, चूल धूर करते म्हणून?" भिंगरीने अखेर विचारलं.

"सांगितलं होतं फोनवर. पहिल्याच महिन्यात. तू म्हणालीस, लाकूड ओलं आहे."

"पुन्हा सांगायचंस."

"पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, धुराडं साफ कर." मुलगी मातीवरून हात फिरवत राहिली. "मग मलाच वाटायला लागलं की मला जमत नाही. सगळ्याच बायकांना वाटतं तसं. तू येणार म्हटलं की आदल्या दिवशी खालच्या वस्तीत भिंतींना पांढरी माती लावतात, माहितीये तुला? तू ओरडू नयेस म्हणून."

भिंगरीने हे ऐकलं आणि तिचे हात थांबले. दोन वर्षं ती त्या पांढऱ्या भिंती बघून खूश होऊन परत येत होती. नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होती, बाया सुधारल्या म्हणून.

"डॉक्टरीणबाईंनी पहिल्या खेपेलाच विचारलं होतं," मुलगी पुढे म्हणाली, "घरात धूर असतो का? मी नाही म्हटलं. म्हटलं, माझी आईच निर्धूर चुली बांधते, आमच्या घरात धूर कसा असेल? दुसऱ्या खेपेला पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, गादी उन्हात टाका. टाकली. कोंबड्या लांब बांधा. बांधल्या. मांजर देऊन टाका. ती दिली, पोर दोन दिवस जेवली नाही. सगळं काढलं घरातून, चूल सोडून."

"का नाही म्हणालीस पण?"

"तुझं नाव खराब कसं करू?" मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळा डोंगर तुझं नाव घेतो."

 भिंगरी उठली, घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे. सुईण आपल्या दारातून बघत होती, पण तिने हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जायचं ठरलंच होतं. शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी घ्यायची होती. नातीला पाठीशी बांधून मुलगी पुढे आणि भिंगरी मागे, अशा त्या उतरायला लागल्या. भिंगरीचं डोकं पायांपेक्षा वेगाने चाललं होतं. एकेचाळीस घरं. मुलीला बरोबर घेतलं तर दोन महिन्यांत सगळ्या चुली नव्याने होतील. लोकांना सांगायचं काय? नवीन नमुना आलाय, आधीच्यापेक्षा चांगला, फुकट करून देते. बायका खूशच होतील. कुणाला काही कळायचं कारण नाही. सुईणमावशी तोंडाची पक्की. नवऱ्याला तर हातांचं दुखणंही तिने कधी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत तिने हे मुलीला बोलूनही दाखवलं.

मुलगी मागे न वळता म्हणाली, "बघ तू. तुझ्या चुली आहेत."

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक लांब बाक. बाकावर बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिंगरीला बघताच दोघीतिघी सरकल्या. "या ताई, बसा." एक ओढ्यापलीकडची, दोघी खालच्या वस्तीतल्या. "आमची चूल मस्त चाललीय हं," त्यांतली एक घाईघाईने म्हणाली आणि मांडीवरचं बाळ खोकलं तसं तिने त्याचं तोंड पदरात घेतलं. भिंगरी बसली नाही. ती बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली, नंबर येईपर्यंत.

आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी नातीची छाती तपासली, पाठ तपासली, जुना कागद उलगडला. "चिठ्ठी देते. तिकडे फोटो काढतील छातीचा. रोजचं श्वासाबरोबर ओढायचं औषध सुरू करावं लागेल बहुतेक, आणि ते वर्षानुवर्षं. एवढ्या लहान मुलीला देताना मला बरं वाटत नाही, पण कारणच सापडत नाही." मग त्या कागदावर बोट ठेवून स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ही एकटीच असती तर गोष्ट वेगळी. डोंगरावरच्या वस्त्यांमधून गेली दोन वर्षं अशी मुलं येतायत. धुराचं म्हणावं तर सगळ्यांच्या घरी निर्धूर चुली. म्हणून धूर सोडून आम्ही बाकी सगळं शोधतोय. पाणी तपासायला पाठवलंय आता."

मुलगी खाली बघत होती. नात टेबलावर बसून पाय हलवत होती.

"काही बदल आहे का घरात, मागच्या खेपेनंतर?" डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहायला घेतलं.

"धूर आहे," भिंगरी म्हणाली.

लिहिणारा हात थांबला. "कुठे?"

"घरात. पहिल्या दिवसापासून. चूल मी बांधलीय, ती चुकलीय." तिने दोन्ही हात पुढे केले, टेबलावर, कागदाशेजारी ठेवले. "या हातांची मापं चुकली. हिने तुम्हाला नाही सांगितलं ते माझ्यासाठी. बाकीच्यांनीही नाही सांगितलं. मी ओरडते म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी त्या बोटांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. दार उघडंच होतं. बाहेर बाकावरचं बोलणं बंद झालं होतं.

"अशी किती घरं आहेत?"

"एकेचाळीस," भिंगरी म्हणाली. "तीन तर तुमच्या बाहेर बाकावर बसलीत. वही काढा, मी एकेक सांगते."